पाच तासांची हजेरी

शंकेखोर : सर, महाराष्ट्रातली महाविद्यालयं टाळेबंदीनंतर तीनदा उघडली. १५ फेब्रुवारी २०२१ ला पन्नास टक्के उपस्थितीने उघडली, ती दुसऱ्या लाटेत दोन महिन्यांच्या आत बंद पडली. २० ऑक्टोबर २०२१ ला दोन डोस झालेल्यांसाठी उघडली, जानेवारीत पुन्हा कुलूप लागलं. मग १ फेब्रुवारी २०२२. तिन्ही वेळा तारीख मुंबईत ठरली आणि तिन्ही वेळा बोलणं झालं ते टक्क्यांचं, डोसांचं आणि बाकांमधल्या अंतराचं. परत येऊन करायचं काय, हे कुणी विचारलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच आहे, असं धरून चाललो. पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. विद्यार्थ्यांना फाटकाच्या आत यायला बंदी होती त्या महिन्यांतही प्राध्यापकांना आळीपाळीने बोलावलं जात होतं. यायचं, मस्टरवर सही करायची, रिकाम्या वर्गांच्या शेजारच्या स्टाफरूममध्ये बसायचं आणि तिथूनच मोबाइलवर तास घ्यायचा. विद्यार्थी नसलेल्या इमारतीत प्राध्यापकाचं असणं हे जर काम असेल, तर ते नेमकं कोणतं? याचं उत्तर नियमात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे आठवड्याला चाळीस तास काम, सहायक प्राध्यापकाला त्यातले सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन, आणि रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असणं बंधनकारक. उपलब्ध कुणासाठी, हे तिथे गृहीत आहे. टाळेबंदीने ते गृहीतच काढून घेतलं, तरी पाच तास शिल्लक राहिले! म्हणून विचारते, की आपण परतलो ते विद्यार्थ्यांकडे की मस्टरकडे? परतण्याने काय परत मिळालं, याचा पुरावा कुणीतरी द्यावा. इमारत बंद ठेवा, असं माझं म्हणणं नाही.

आग्रही : मस्टरची बाजू मी घेणार नाही, मॅडम. ती घेण्यासारखी नाहीच. पण तुम्ही सुरुवात प्राध्यापकापासून केलीत, मी विद्यार्थ्यापासून करतो, आणि तोही नंदुरबारच्या विद्यार्थ्यापासून. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची, साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सगळ्यात कमी. टाळेबंदीच्या जेमतेम दोन वर्षं आधी राष्ट्रीय नमुना पाहणीची पंचाहत्तरावी फेरी झाली. तिच्यात देशातल्या ग्रामीण घरांपैकी इंटरनेटची सोय असलेली घरं १४.९ टक्के आणि संगणक असलेली ४.४ टक्के निघाली. ही सरासरी आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या, डोंगराच्या उतारांवर एकमेकांपासून लांब विखुरलेल्या घरांच्या पाड्यांना ती लावली तर सरासरीचीच चेष्टा होईल. ज्या घरात फोन आहे तिथेही तो एकच, आणि बाप कामाला निघाला की त्याच्या खिशात. तेव्हा घरून शिकणं हा शब्दप्रयोग पुण्यात खरा असेल, अक्राणीतल्या धडगावच्या वरच्या अंगाला तो खोटा होता. पण फोन आणि रेंज हा माझा मुख्य मुद्दा नाही. उद्या टॉवर उभे राहतील, फोन स्वस्त होतील, मग तो मुद्दा संपेल. माझा मुद्दा वेळेचा आहे. इथे घर हे कामाचं ठिकाण आहे. पेरणी, निंदणी, गुरं, पाणी, धाकटी भावंडं. दिवाळीनंतर तर अख्खं घर उठून दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातं. त्या घरात अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी म्हणजे दोन हात. ते हात कामाला न लावण्याचं घराला पटेल असं एकच कारण असतं : ‘कॉलेजला जातो’. बसायला वर्ग मिळतो हे कॉलेजचं दुसरं काम झालं. त्याआधी ते घराबाहेर असण्याची सबब देतं. मार्च २०२० मध्ये ती सबबच गेली. कॉलेज बंद आहे म्हटल्यावर घरातला मुलगा मोकळाच, आणि मोबाइलकडे बघत बसलेला मुलगा शिकतोय हे आईबापांनी का मानावं? इमारत उघडली तेव्हा ती सबब परत मिळाली. तुम्ही पुरावा मागता. या मुलांच्या दिवसातले चार-पाच तास पुन्हा त्यांच्या मालकीचे झाले, हाच तो.

शंकेखोर : घर हे कामाचं ठिकाण असतं हे कळायला पाड्यावर जायची गरज नव्हती, कोणत्याही प्राध्यापिकेला विचारलं असतं तरी चाललं असतं. ते असो. तुमचा वेळेचा मुद्दा मला पटतो, पण तो कॉलेजच्या बाजूने जात नाही, वसतिगृहाच्या बाजूने जातो. धडगावचा मुलगा नंदुरबारला किंवा शहाद्याला शिकतो तेव्हा त्याचा वेळ कोण राखतं? आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह. तिथे खाट आहे, दोन वेळचं जेवण आहे, रात्री दिवा आहे, आणि शेजारच्या खाटेवरचाही शिकणाराच आहे. जागा मिळाली नाही तर २०१६ पासूनची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, तिचे पैसे खात्यात येतात आणि चार मुलं मिळून खोली घेतात. कोरोनात राज्यातल्या अनेक वसतिगृहांत विलगीकरण कक्ष झाले. म्हणजे आपण ‘कॉलेज उघडलं’ म्हणतो तेव्हा एकच दार उघडल्याचं सांगतो. मुलाला वर्गात आणायला तीन दारं उघडावी लागतात, खोलीचं, खानावळीचं आणि एसटीचं. आता एसटीचंच घ्या. २० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालयं उघडली. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, आणि कामगार पूर्ण संख्येने परतेपर्यंत एप्रिल २०२२ उजाडला. त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या उघडण्याचा जवळजवळ सगळा काळ या संपात गेला. तळोदा, अक्कलकुवा, मोलगी, धडगाव या रस्त्यांवर पासवर येणाऱ्या मुलामुलींनी काळीपिवळीला रोज किती पैसे मोजायचे? आणि खचाखच भरलेल्या जीपमधून येण्याजाण्याला किती मुलींच्या घरचे हो म्हणणार? विषाणूने बंद केलेलं कॉलेज सरकारने उघडलं, तेव्हा रस्ता दुसऱ्याच कारणाने बंद होता. कागदावर मात्र सत्र सुरू होतं, अध्यापनाचे दिवस मोजले जात होते, आणि आपले पाच तास भरत होते. आणखी एक अप्रिय गोष्ट. मार्च २०२० च्या आधी तरी वर्ग भरलेले होते का? दिवाळीनंतर बाकं विरळ होत होतीच. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम कॅटलॉगमध्ये पाळला जात होता, वर्गात नाही. मग आपण परतलो ते कशाकडे? जुन्याच गैरहजेरीकडे परत गेलो आणि त्याला पूर्ववत होणं म्हटलं, एवढंच.

आग्रही : बाकं विरळ होती, हे खरं. पण गैरहजेरी-गैरहजेरीत फरक असतो. वर्गात कुणी येईनासा झाला की ती जागा दिसते. आठ दिवसांनी विचारलं तर त्याच्याच पाड्याचा दुसरा सांगतो, ‘तो उसाला गेला, सर’, किंवा तिची मैत्रीण खाली मान घालून सांगते की तिचं लग्न ठरलंय. ही माहिती आपण काही करू शकू की नाही हा वेगळा प्रश्न, पण ती मिळते. पडद्यावर काय दिसायचं? नावांची आद्याक्षरं असलेले रंगीत गोल. जोडला गेलेला ऐकतोय की फोन उशाशी ठेवून झोपलाय हे कळत नव्हतं, आणि न जोडला गेलेला तर कधी अस्तित्वातच नव्हता. वर्गातली गैरहजेरी ही निदान बातमी असते, ऑनलाइन गैरहजेरीची बातमीच होत नाही. दुसरं, प्राध्यापक विद्यार्थ्याला ओळखतो ते व्याख्यानात नव्हे. ऑफिसच्या खिडकीपाशी ओळखतो, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडलाय म्हणून तो दाराशी उभा राहतो तेव्हा, बोनाफाईडवरची सही आणि जात वैधतेची फाइल घेऊन येतो तेव्हा. ज्या घरात कॉलेजात आलेला तो पहिलाच, त्या घरासाठी प्राध्यापक हा सरकारी कागद वाचून दाखवणारा ओळखीचा माणूस असतो. आयोगाच्या सोळा तासांत हे काम कुठेच बसत नाही. बसलंच तर तुमच्या त्या बदनाम पाच तासांत बसतं. आणि तिसरं, भाषा. पावरी, भिली, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी बोलणारी मुलं एका वर्गात मराठीतून शिकायला बसतात. पहिल्या वर्षी त्यातला मोठा भाग गप्प असतो. कळलं नाही हे ती सांगत नाहीत, ते चेहऱ्यावर वाचावं लागतं. चेहरा समोर नसेल तर शिकवणारा स्वतःच्या आवाजावर खूश होऊन धडा संपवतो. प्रयोगशाळेबद्दल तर बोलायलाच नको. ब्युरेटची तोटी किती फिरवावी हे व्हिडिओ पाहून बोटांना कळत नाही.

शंकेखोर : ऑक्टोबर २०२१ मध्ये तुम्ही वाचत होतात ते चेहरे मास्कच्या आड होते, हे जाता जाता. पण भाषेचा मुद्दा तुम्ही काढलात तर तो दुसऱ्या बाजूनेही तपासा. जो मुलगा ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायला घाबरतो, तो रेकॉर्ड केलेल्या तासाला मात्र न घाबरता थांबवतो, मागे नेतो, तेच वाक्य चारदा ऐकतो. वर्गातलं वाक्य एकदा बोललं की गेलं. ज्याची घरची भाषा मराठी नाही त्याचं त्यात सगळ्यात जास्त जातं. मराठी घरातल्या शहरी मुलाला रेकॉर्डिंग ही चैन असेल, पावरी बोलणाऱ्या मुलाला ती गरज आहे. गरज असलेल्यालाच नेमका फोन नव्हता, हे तुमचं म्हणणं खरं. पण त्यावरून फोन आणि रेंज द्या असा निष्कर्ष निघतो, रेकॉर्डिंग बंद करा असा निघत नाही. आपण काय केलं? त्या दीड-दोन वर्षांत राज्यभरच्या प्राध्यापकांनी धडपडून, चुकत-माकत तास रेकॉर्ड केले, यूट्यूबवर वाहिन्या उघडल्या, पीडीएफ केल्या. मुंबई-पुण्याचा अभ्यासक इथल्या मुलांशी बोलायचा तर पूर्वी प्रवासभत्त्याची मंजुरी लागायची, ती त्या काळात लागेनाशी झाली. आणि फाटक उघडल्यावर यातलं बरंचसं जिथल्या तिथे राहिलं. का? नियम इमारतीतले तास मोजतो म्हणून. घरी रात्री बसून केलेलं रेकॉर्डिंग कोणत्या रकान्यात भरणार? आयोगानेच मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला, कोणत्याही अभ्यासक्रमाचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवायला मुभा असावी असं त्यात सुचवलं. आपल्याकडे त्यावर वाद तरी झाला का? उसाच्या फडावर गेलेला मुलगा रात्री तासभर फोन पाहू शकतो. तुमच्या इमारतीच्या हिशेबात तो शून्य आहे. चाळीस टक्क्यांच्या हिशेबात तो निदान चाळीस तरी असेल.

आग्रही : दिवसभर कोयता चालवून रात्री तो समाजशास्त्राचा तास पाहील, असं म्हणताय? मला हे लिहिणाऱ्यांच्या टेबलावरचं चित्र वाटतं. पण समजा पाहील. त्या चाळीस टक्क्यांची दुसरी बाजू मात्र स्टाफरूममध्येच बसलेली आहे. आपल्याकडे एकाच टेबलाशी दोन जातींचे प्राध्यापक बसतात. एक पगारी, दुसरा तासिका तत्त्वावरचा. टाळेबंदीत पहिल्याचा पगार चालू राहिला. दुसऱ्याचं बिल तासावर बनतं. तास नाही तर बिल नाही. नेट-सेट झालेली, कुणी पीएचडी झालेली माणसं शेतात, दुकानात कामाला लागल्याच्या बातम्या त्या काळात राज्यभरातून येत होत्या. त्याच्यासाठी कॉलेजात परतणं हा अध्यापनशास्त्राचा प्रश्न नव्हता. आता तुमचे चाळीस टक्के ऑनलाइन गेले तर तास कुणाचे कापले जातील? एकदा रेकॉर्ड झालेला तास पुढच्या वर्षी पुन्हा चालवता येतो आणि त्याला मानधन द्यावं लागत नाही. सरकार असा विचार करणार नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर महासाथीत सरकारने पहिल्या दीड महिन्यात काय केलं ते आठवा. ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने नवी भरती थांबली. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त पदांपैकी फक्त चाळीस टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापक नेमायला परवानगी मिळाली होती. (हा चाळीसचा आकडा प्रशासनाला भारी आवडतो.) त्यातलीही २,०८८ पदं अडकून पडली, आणि त्यांना पुन्हा हिरवा कंदील मिळायला नोव्हेंबर २०२१ यावा लागला. ज्या व्यवस्थेला माणूस नेमायचा नाही तिच्या हाती ‘माणसाशिवायही शिकवता येतं’ असा दाखला तुम्ही देताय. मी इमारतीचा आग्रह धरतो त्यात हेही एक कारण आहे. वर्ग आहे तोवर वर्गात कुणीतरी उभं करावं लागतं.

शंकेखोर : आता खरं बोललात. म्हणजे इमारत ही शिकण्याची जागा आहे म्हणून तिचा बचाव करता, तेवढंच सरकारपुढचा अडसर म्हणूनही करता. माझी त्याला हरकत नाही, फक्त ही दोन कारणं एकमेकांत मिसळू नका. नोकऱ्या टिकाव्यात हे योग्य कारण आहे, पण त्याने मुलगा शिकला असं सिद्ध होत नाही. आणि पद भरलं म्हणजे तास झाला असंही नाही, ते आपण दोघेही जाणतो. मी तुमच्यापुढे दुसरी तुलना ठेवते. टाळेबंदीत राज्याच्या शालेय विभागाने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असा उपक्रम काढला. त्यातल्या मोबाइलवरच्या अभ्यासमालेची मर्यादा लवकरच कळली, तेव्हा जिल्हा परिषदेचे कितीतरी शिक्षक वस्तीवर गेले, ओट्यावर, झाडाखाली, देवळात चार-चार मुलं बसवून शिकवू लागले. त्यांच्याही डोक्यावर नियम होते, संसर्गाची भीती होती. वरिष्ठ महाविद्यालयाचा प्राध्यापक मात्र एक तर मोबाइलवर होता, नाहीतर स्टाफरूममध्ये. त्याला पाड्यावर जा असं कुणी सांगितलं नाही, आणि तो आपणहून गेला तर ते काम धरलं गेलं नसतं. शिक्षकाची कामाची जागा गाव, आणि प्राध्यापकाची कामाची जागा इमारत, हे कुणी ठरवलं? याच जिल्ह्यात नर्मदेच्या काठी सरदार सरोवराच्या पाण्याने ३३ गावांना कमी-अधिक वेढलं. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा चालवल्या, मुलं जिथे आहेत तिथे. पावरी-भिलीतून सुरुवात करून मराठीकडे नेलं. त्या शाळांच्या सगळ्या मतांशी सहमत व्हायची गरज नाही. पण जागेबद्दलचा त्यांचा विचार आपल्यापेक्षा पुढचा होता. माझं म्हणणं असं, की पाच तासांचा नियम ठेवायचाच असेल तर ठेवा. त्यातले तीन तास आठवड्यातून दोनदा वसतिगृहात मोजा, मोलगीच्या किंवा धडगावच्या एखाद्या अभ्यासकेंद्रात मोजा. हजेरी विद्यार्थ्यांपाशी लागू द्या, भिंतीपाशी नको.

आग्रही : वसतिगृहापर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. वसतिगृहात संध्याकाळी प्राध्यापक असावा, ही मागणी उद्याच्या सभेत ठेवा, मी अनुमोदन देईन. पाड्यापर्यंत येत नाही, आणि त्याचं कारण आळस नाही. सहा वर्षांच्या मुलाकडे शाळा गेली पाहिजे, कारण ते मूल लहान आहे. पदवीच्या मुलाने पाड्यातून बाहेर आलं पाहिजे. कॉलेजचं अंतर हा त्याचा दोष नाही, तो त्याचा उपयोग आहे. अक्राणीचा पावरा मुलगा, नवापूरची मावची मुलगी, शहाद्याचा गुजर शेतकऱ्याचा मुलगा आणि नंदुरबार शहरातला व्यापाऱ्याचा मुलगा एका बाकावर बसतील अशी या जिल्ह्यात दुसरी जागा दाखवा. बाजारात ते भेटतात ते गिऱ्हाईक आणि विक्रेता म्हणून, शेतावर भेटतात ते मजूर आणि मालक म्हणून. तुम्ही प्राध्यापकाला पाड्यावर पाठवलंत तर ज्ञान पोहोचेल कदाचित, पण पावरा मुलगा पावऱ्यांतच राहील आणि गुजर मुलगा गुजरांत. टाळेबंदीने नेमकं तेच केलं होतं, ज्याला त्याला आपापल्या घरात, आपापल्या जातीत परत पाठवलं होतं. आणि लिहिण्याचं काय? मार्च २०२० मध्ये दहावीला बसलेली तुकडी पाहा. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, सरासरीने गुण मिळाले. अकरावी मोबाइलवर गेली. तिच्या पुढच्या तुकडीची तर २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही, आणि त्याच वर्षी बारावीचीही रद्द झाली. पदवीच्या परीक्षा २०२० च्या शरद ऋतूपासून बहुपर्यायी झाल्या. तीन तास हाताने सलग लिहिणं ही सवय लाखो मुलांच्या हातातून गेली. २०२२ च्या उन्हाळ्यात विद्यापीठांनी लेखी परीक्षा परत आणल्या तेव्हा ऑनलाइनच घ्या म्हणून राज्यभर मागण्या झाल्या. मी त्या मुलांना दोष देत नाही. जी गोष्ट दोन वर्षं कुणी मागितली नाही ती एकदम मागितली, तर घाबरणारच. पण पाठीला पाठ लावून, घड्याळाकडे बघत, शेजारी दुसराही धडपडतोय हे जाणवत लिहिण्याची सवय एकट्याने, घरात, चुलीशेजारी लागत नाही. त्यासाठी खोली लागते आणि खोलीत इतर माणसं लागतात.

शंकेखोर : एकाच बाकाचं तुमचं वर्णन ऐकायला चांगलं आहे. पण मधल्या सुट्टीत कोण कुणाबरोबर डबा खातं, तेही एकदा पाहा. तरी मी हा मुद्दा सोडत नाही, उलट तुम्ही दिलेल्यात हा सगळ्यात जड आहे. पडद्यावर गुजर मुलगा आणि पावरा मुलगा भेटत नाहीत हे खरं, आणि याला माझ्या चाळीस टक्क्यांत उत्तर नाही. मग आता एवढं मान्य करू, की प्रत्यक्ष येण्यात काही मोल आहे. लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : ते मोल कोण चुकवतं? प्राध्यापक इमारतीत येतो त्याचे त्याला पैसे मिळतात, कमी मिळोत की जास्त. विद्यार्थी येतो तेव्हा त्याला ते द्यावे लागतात. एसटीचं भाडं, खोलीचं भाडं, आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी. मिरची तोडणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गात बसलेला प्रत्येक मुलगा घराला रोख नुकसान करून बसलेला असतो. तुम्ही म्हणालात कॉलेज त्याला घराबाहेर असण्याची सबब देतं. बरोबर, पण त्या सबबीची किंमत त्याचं घर भरतं, आपण नाही. म्हणून टाळेबंदी उठल्यावर प्राध्यापक शंभर टक्के परतले आणि विद्यार्थी तसे परतले नाहीत, यात नवल काय? आपल्याला परतायला सांगितलं गेलं आणि त्याचा मोबदला होता. त्यांना नुसतं परतायला सांगितलं गेलं. शिष्यवृत्ती आहे, म्हणाल. ती येते कधी, हे तुम्हीच त्या ऑफिसच्या खिडकीपाशी रोज ऐकता.

आग्रही : मग शिष्यवृत्ती हजेरीला बांधायची? तसं केलं तर उसाला गेलेला मुलगा सगळ्यात आधी गळतो, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं बोलतोय तोच. आणि न बांधावी तर शिष्यवृत्तीपुरतं नाव घालायचं आणि परीक्षेला उगवायचं, हे जे आजही चालतं त्याला आपण अधिकृत करतो. मला यातून सरळ वाट दिसत नाही. तुमच्या प्रश्नाने माझ्या आग्रहाला एक अट मात्र जोडली गेली, हे मान्य करतो. मुलाने यावं असा आग्रह धरायचा असेल तर त्याच्या येण्याचा खर्च उचलण्याचाही आग्रह धरावा लागेल, आणि तो खर्च इमारतीच्या रंगरंगोटीच्या आधी अंदाजपत्रकात यावा लागेल. मूल्यांकनाला येणाऱ्या नॅकच्या समितीला रंग दिसतो, बसभाडं दिसत नाही, ही आपली अडचण आहेच.

शंकेखोर : अर्धी वाट मी सुचवते, तुम्ही ती खोडून काढा. हजेरीला बांधायचं ते वर्ष नव्हे, हंगाम. आपलं पहिलं सत्र जूनमध्ये सुरू होतं आणि दिवाळीला संपतं. त्या काळात मुलं बऱ्यापैकी असतात, कारण पाऊस आहे, घर गावातच आहे. दुसरं सत्र दिवाळीनंतर, म्हणजे नेमकं स्थलांतर सुरू होतं तेव्हा. हे वेळापत्रक सातपुड्याकडे पाहून कुणी केलेलं नाही. तेव्हा जून ते ऑक्टोबर सगळं प्रत्यक्ष ठेवा : प्रयोग, लेखन, चर्चा, तुमचं एक बाक, प्राध्यापकाचे पाच तास, आणि विद्यार्थ्याचा सगळा खर्च सरकारचा. नोव्हेंबरनंतर चाळीस टक्क्यांची मुभा पूर्ण वापरा, आणि फडावरच्या मुलासाठी रेकॉर्डिंग, फोनवर शंका, मार्चमध्ये होळीला घरं परत येतात तेव्हा आठ-पंधरा दिवसांचं वसतिगृहातलं शिबिर. सातपुड्यात होळीला माणूस कुठूनही परत येतो, हे आपल्याला माहीत आहे. टाळेबंदीने आपल्याला एवढं शिकवलं की शिकवण्याचे प्रकार दोन आहेत आणि त्यांची अदलाबदल करता येते. ते शहाणपण इथल्या पंचांगाला लावून पाहायचं.

आग्रही : खोडून काढतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली जळगाव, धुळे आणि नंदुरबार तीन जिल्हे येतात. वेळापत्रक एक, परीक्षा एक, पदवी एक. तुम्ही नंदुरबारसाठी वेगळा हंगाम आखलात की दोन वर्षांत लोक म्हणू लागतील, नंदुरबारची पदवी पाच महिन्यांची. जळगावातला मुलगा वर्षभर वर्गात बसलेला आणि धडगावचा मुलगा अर्धं वर्ष फोनवर. नोकरीच्या मुलाखतीत कुणाला काय विचारतील, सांगा. आदिवासी मुलांसाठी सोय म्हणून सुरू झालेल्या गोष्टी हलक्या दर्जाचा शिक्का होऊन त्यांच्याच कपाळावर बसतात. आणि दुसरं असं, की ऊसतोडीला जाण्यासाठी कॉलेजने सोय करून द्यायची म्हणजे ते स्थलांतर आपण कायमचं मान्य केलं. मला तो मुलगा नोव्हेंबरातही वर्गात हवा आहे.

शंकेखोर : मलाही हवा आहे. पण तुमच्या जळगावच्या तुलनेत एक चूक आहे, सर. तुम्ही माझ्या हंगामाची तुलना जळगावच्या पूर्ण वर्षाशी करताय. ती धडगावच्या आजच्या वर्षाशी करा. २०१९ चं कॅटलॉग काढा, खोट्या हजेऱ्या वगळा, आणि मला सांगा, दिवाळीनंतर तो मुलगा किती दिवस वर्गात होता? मग पाच महिन्यांची पदवी मी सुरू करतेय, की चालू असलेली फक्त कागदावर लिहितेय, ते ठरवू.

आग्रही : काढू. पण कागदावर लिहिलेली गोष्ट बदलणं न लिहिलेल्या गोष्टीपेक्षा अवघड असतं, हेही त्याच वेळी ठरवावं लागेल. आज तो मुलगा गैरहजर आहे म्हणून आपल्याला निदान त्याची लाज वाटते. उद्या तो नियमाने गैरहजर असेल, तेव्हा त्याला परत आणायची जबाबदारी कुणाच्या पाच तासांत बसवायची?